लागेल तेवढा डिंक

सासूबाई निवृत्त झाल्या आणि आमच्या घरातल्या एकूण एक कागदाला पुठ्ठा चढायला लागला. बत्तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात पुस्तकं बांधण्यात घालवली होती. वह्या, रजिस्टरं, पावतीपुस्तकं, उशीला घेता येतील असे जाडजूड ग्रंथ, सगळं त्यांच्या हातांखालून गेलेलं. ते हात रिकामे बसायला तयार नव्हते. पहिल्या महिन्यात विजेची बिलं बांधून झाली. दुसऱ्या महिन्यात माझ्या नवऱ्याची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. तिसऱ्या महिन्यात त्या मिक्सरच्या माहितीपत्रकाला कापडी पाठ लावताना दिसल्या, तेव्हा नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, काहीतरी कर. मी जरा जास्त वेळ सोफ्यावर पडून राहिलो तर आई मलाही शिवून टाकेल."

मला काही करावं लागलं नाही. जे झालं ते पैलवानामुळे झालं.

मी बालवर्ग चालवते. घरापासून पाच मिनिटांवर, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. साडेतीन ते पाच वर्षांची सोळा मुलं, सकाळी नऊ ते साडेबारा. हस्तकला घेणारी मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि तो तास माझ्या गळ्यात पडला. मला गाणी येतात, गोष्टी येतात, एका हाताने नाक पुसत दुसऱ्या हाताने बुटाची नाडी बांधता येते. पण कात्री आणि डिंक एकत्र टेबलावर आले की माझं अवसान गळतं.

त्या सकाळी आम्ही मासे करत होतो. निळ्या कागदावर रंगीत तुकडे चिकटवायचे आणि मासा करायचा, इतकी साधी गोष्ट. प्रत्येक टेबलावर मी डिंकाची एकेक बाटली ठेवली आणि एकाला शू लागली म्हणून दोन मिनिटं पाठ वळवली. परत आले तर सगळ्या बाटल्या उलट्या धरलेल्या. नेमक्या तेव्हाच, मी घरी विसरलेला चष्मा घेऊन सासूबाई दारात उभ्या.

त्या पहिल्याच टेबलापाशी थांबल्या. तिथे पैलवान बसला होता. हे नाव त्याच्या मामाने ठेवलेलं. अंगावर मूठभर मांस नाही, पण आवाज असा की खाली दवाखान्यातले पेशंट दचकावेत.

"मासा कुठाय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आत," पैलवानाने समोरच्या पांढऱ्या डबक्याकडे बोट दाखवलं. "बुडला."

"मासा कसा बुडेल?"

"डिंकात नाही ना पोहता येत त्याला."

सासूबाईंनी चष्मा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझंच प्रगतिपुस्तक आठवलं. "चिकटवणं चाललंय की भिंती लिंपणं?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी येते."

विचारलं नाही, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन हजर. पिशवीत बाटल्यांची जुनी झाकणं, कान साफ करायच्या काड्या, ओली फडकी आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मुलांना गोल बसवून त्यांनी ओळख करून दिली. "मी बाइंडर. मी पुस्तकं बांधते."

"वांदर?" पैलवान ओरडला.

"बाइंडर."

"वांदरआजी!" सोळा तोंडांनी ते उचलून धरलं. मी त्यांना गप्प करायला पुढे झाले, तर सासूबाईंनी मला हातानेच थांबवलं. "राहू दे गं. आमचा फोरमन याहून वाईट म्हणायचा."

त्यांनी डिंकाच्या बाटल्या कपाटात ठेवून दिल्या. प्रत्येकाला एक झाकण, झाकणात थोडासा डिंक आणि एक काडी. मग दोन कागद सगळ्यांसमोर धरले. एकावर पैलवानाच्या पद्धतीने भरभरून डिंक, दुसऱ्यावर चार कोपऱ्यांत चार टिपके आणि मधे एक. दोन्हींवर एकेक लाल चौकोन चिकटवला आणि खिडकीत ठेवले. डबा खाऊन झाल्यावर मुलं बघायला धावली. टिपक्यांचा चौकोन घट्ट बसला होता. दुसरा सुरकुतून, फुगून, अजून चिकचिकत होता. पैलवानाने बोट लावलं तर चौकोन घसरत घसरत कागदाच्या बाहेर गेला.

"याला डिंकाचं अजीर्ण झालंय," सासूबाई म्हणाल्या. मुलं खोखो हसली, आणि मी सहा महिने घसा फोडून जे सांगत होते ते त्यांना त्या दुपारी कळलं.

मग रोज काही ना काही. मधोमध गोल कापायचा आणि उरलेला अख्खा कागद टाकून द्यायचा हा मुलांचा लाडका उद्योग होता. "कागदाच्या पोटात काय शिरतोस? कडेने ये शहाण्यासारखा," असं म्हणत त्या मुलांची कोपरं धरून कात्री कडेला आणायच्या. स्केचपेनाचं टोपण लावलं की टक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर पेन रात्रभर तोंड उघडं टाकून झोपतं आणि सकाळी त्याचा घसा बसतो. उरलेल्या तुकड्यांसाठी त्यांनी एक खोकं आणलं. नवा कागद मागायच्या आधी खोक्यात बघायचं. हळूहळू मुलांना त्या खोक्याचाच नाद लागला, कारण त्यात कुणालाही न सुचलेले आकार सापडायचे. कुणाला बदकाची चोच मिळायची, कुणाला रॉकेटचं शेपूट.

तीन आठवड्यांत खोल्यांचा नूर पालटला. लादीला चप्पल चिकटेनाशी झाली. पैलवान घरी जाऊन वडिलांवर ओरडला म्हणे, पेनाचं टोपण लावलं नाही म्हणून. पालक मला शाबासकी द्यायचे आणि मी ती निर्लज्जपणे घ्यायचे. सासूबाई दुपारी घरी येऊन समाधानाने आडव्या व्हायच्या. मिक्सरचं माहितीपत्रक अर्धवटच राहिलं.

आता जिरूबद्दल सांगायला हवं.

जिरू चार वर्षांची. वर्गात सगळ्यांत लहान चणीची, म्हणून घरच्यांनीच जिऱ्याच्या दाण्यावरून ते नाव पाडलेलं. बोलायची कमी, ऐकायची सगळं, आणि सांगितलेली गोष्ट तंतोतंत करायची. एकदा मी तिला "इथेच बसून राहा हं" असं सांगून आत गेले आणि विसरले. पंधरा मिनिटांनी सगळी मुलं खाली अंगणात खेळत होती आणि जिरू त्या बाकावर, हाताची घडी घालून, तशीच. मला इतकं वाईट वाटलं होतं! पण त्यावरून शहाणी झाले असते तर पुढचं टळलं असतं.

सासूबाई यायला लागल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात जिरूने एक मोठा नवा कागद घेतला, वरपासून खालपर्यंत एक वाकडी रेघ ओढली आणि त्यांना नेऊन दाखवली. "साप."

"एका सापाला अख्खा कागद?" सासूबाई हसल्या. "असं नाही करायचं बाळा. लागेल तेवढाच घ्यायचा."

"किती लागेल?"

"थोडासा." त्यांनी तिच्या केसांतून हात फिरवला आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. मी तिथेच होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जिरूने मान डोलावली.

महिनाभराने जिरूचे वडील मुलीला न्यायला आले ते घुटमळत उभे राहिले. ते इलेक्ट्रिशियन, खिशात नेहमी टेस्टर, आणि बोलताना तो काढून बोटांत फिरवायची सवय.

"ताई, तक्रार नाही हं," ते म्हणाले. "पोरगी शहाणी झालीय. पण जरा जास्तच शहाणी झालीय. टूथपेस्ट ब्रशला लावत नाही, नुसती टेकवते. साबणाला नुसतं बोट लावते. मावशीने खडूंची नवी पेटी दिली, ती तिने उघडलीच नाही. काल धाकट्याने वहीचं एक पान रंगवून टाकलं तर ही पान छातीशी धरून रडायला लागली. पान संपलं, पान संपलं." ते हसायचा प्रयत्न करत होते. "मी म्हटलं, अगं, आणू दुसरी वही. तर म्हणते, नको, थोडंसंच घ्यायचं असतं."

ते गेल्यावर मी जिरूचं फोल्डर काढलं. प्रत्येक चित्राच्या मागे मी तारीख घालते. चित्रं टेबलावर ओळीने मांडली. सुरुवातीला कागदात न मावणारा सूर्य, ज्याचे किरण टेबलावरही गेले असणार. मग तो साप. मग एक घर, तळहाताएवढं. मग एक मांजर, अंगठ्याएवढं. गेल्या आठवड्यातला कागद मला कोराच वाटला. चष्मा लावून पाहिलं तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक माणूस दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा, त्याला डोळेसुद्धा होते.

सासूबाईंना दाखवावं की नाही, मला कळेना. त्या इतक्या खुशीत होत्या. पण लपवून तरी काय करणार? घरी नेऊन मी ते कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि जिरूचे वडील काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी एकेक चित्र उलटून तारीख पाहिली. सापापाशी थांबल्या. शेवटचा कागद डोळ्यांजवळ धरला.

"मला भाजी करायचीय," एवढंच म्हणून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर आल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. पैलवानाने दर दहा मिनिटांनी विचारून माझं डोकं खाल्लं. जिरूने विचारलं नाही. ती फक्त दाराकडे बघत बसली.

संध्याकाळी आम्ही दोघी मटार सोलायला बसलो होतो. मला वाटलं होतं, माझ्यावर रागावल्या असतील. मी म्हटलं, "आई, तुम्ही काही चुकीचं शिकवलं नाहीत."

"अर्धंच शिकवलं," त्या म्हणाल्या. चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर पुढे बोलायला लागल्या. "मी कामाला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मास्तर रोज ओरडायचे, खळ वाया घालवू नकोस. मी इतकी घाबरले की ब्रश पुस्तकाला नुसता दाखवायची. एका कचेरीची सत्तर रजिस्टरं बांधली. महिन्याभरात सगळी पाठीतून सुटली आणि परत आली. पानं पोत्यात भरून."

"खूप बोलले असतील."

"एक अक्षर नाही. मला पातेलंभर खळ दिली आणि रद्दीचा गठ्ठा. म्हणाले, आज दिवसभर चुका कर. जास्त लाव, कमी लाव, सुकू दे, ओढून बघ. संध्याकाळी मला सांग, कुठलं धरतं. आणि खरंच, संध्याकाळी हाताला कळलं होतं." त्यांनी टरफलं गोळा केली. "मी या पोरांना काय सांगितलं? थोडंसं, थोडंसं. जास्त झालं की काय होतं ते दाखवलं. कमी पडलं की काय होतं ते दाखवलंच नाही. चार वर्षांच्या पोरीला थोडंसं म्हणजे किती, हे कुठून कळावं?"

सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात खळ शिजत होती. घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं, त्यात मैदा आणि पाणी, आणि सासूबाई पदर खोचून ढवळतायत. नवरा चहासाठी भांडं शोधत होता. "आई, इतकी कशाला?" "आज मोजायचं नाहीये," त्या म्हणाल्या. पातेलं त्याच्याच हातात देऊन त्याला बालवर्गापर्यंत चालवत नेलं. छापखान्यातल्या जुन्या ओळखीने त्यांनी कागदाच्या रिळाचं उरलेलं टोकही मागवून ठेवलं होतं.

आम्ही टेबलं भिंतीला लावली आणि कागद लादीवर उलगडला. तो पहिली खोली ओलांडून दुसऱ्या खोलीत गेला तरी संपेना.

"आज आपण साप करायचा," सासूबाई म्हणाल्या. "आधी डोकं."

डोकं त्यांनी जाड पुठ्ठ्याचं कापून आणलं होतं, ताटाएवढं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा खळीचा एक टिपका त्याला लावून डोकं भिंतीवर दाबलं. हात काढला. डोकं धप्पकन खाली.

"पडलं!" पैलवान.

त्यांनी दोन टिपके लावले. परत धप्प. चार लावले. या वेळी डोकं क्षणभर थांबलं, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ते सुटून थेट सासूबाईंच्या डोक्यावर आपटलं. मुलं हसून हसून लोळायला लागली. सासूबाईंच्या कपाळावर खळ ओघळत होती.

"जिरू, इकडे ये," त्या म्हणाल्या. "मला कळत नाहीये. किती लागेल?"

जिरू जागची हलली नाही. मग म्हणाली, "थोडासा."

"थोडासा लावला. पडलं ना?"

जिरूने पडलेल्या डोक्याकडे बघितलं. उठली, जवळ आली. पुठ्ठ्याचं डोकं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. "हे जड आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग अजून."

सासूबाईंनी ब्रशचा एक फटकारा मारला. "एवढं?"

"अजून."

"बघ हं. खूप होतंय."

"अजून," जिरू म्हणाली, जरा मोठ्याने. पुठ्ठ्याची मागची बाजू जवळजवळ पांढरी झाली तेव्हा तिने हात वर केला. "बास."

जिरूला बाकावर उभं करून दोघींनी मिळून डोकं भिंतीवर दाबलं. सासूबाईंनी मोठ्याने पन्नासपर्यंत आकडे म्हटले, मुलांनी मधले बरेचसे गाळले, आणि मग जिरूने हात काढले. डोकं राहिलं. ती खाली उतरून मान वर करून बघत होती, आणि पडेल म्हणून दोन्ही हात पुढे धरलेले होते. ते हात तिने बऱ्याच वेळाने खाली घेतले.

गोष्ट इथेच नीट झाली असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्या दिवशी सगळी मुलं सापाच्या अंगावर पालथी पडून रंग फासत होती आणि जिरूने आपल्या वाट्याच्या हातभर जागेत एक खवला काढला. एकच, नखाएवढा. सासूबाई गुडघा धरत तिच्याशेजारी लादीवर बसल्या. मला वाटलं, आता त्या सांगणार, मोठा काढ. त्या म्हणाल्या, "छान आहे. याला एकट्याला थंडी वाजत असेल का?" जिरूने विचार केला आणि शेजारी दुसरा काढला.

दुसऱ्या दिवशी तिने तेरा काढले. तिसऱ्या दिवशी घरून मावशीने दिलेली ती खडूंची पेटी घेऊन आली. न फाडलेला कागद तसाच. सासूबाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तू उघड." "नाही बाई. तुझी पेटी, तू उघड." तिने नखाने सावकाश चिकटपट्टी सोडवली. कागदाची घडी करून खोक्यात टाकली आणि निळा खडू काढला. त्या सकाळी तिने हातभर जागा निळीशार केली, मग शेजारच्या मुलाची जागा, मग पैलवानाची, आणि पैलवान चक्क गप्प बसला. खडू अर्धा झाला. तिने तो अर्धा खडू सगळ्यांना दाखवला.

पुढच्या गुरुवारी तर तिने कमालच केली. मी कपाट उघडं विसरले होते. जिरूने आतली डिंकाची बाटली घेतली आणि सापाची जीभ चिकटवायला ती पूर्ण पिळली. डबकं झालं, जीभ तरंगायला लागली. सासूबाई दारातून बघत होत्या. हाताची बोटं पदराशी चाळा करायला लागली. बत्तीस वर्षं थेंब थेंब जपत आलेल्या बाईला ते बघणं किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

जिरूने जीभ उचलून पाहिली. डिंक ठिबकत होता. "आजी," ती म्हणाली, "हे खूप झालं."

"झालं खरं."

"फडकं दे."

तिने स्वतः पुसलं. सगळं निघालं नाही. लादीवरचा तो डाग अजून आहे. मग तिने एक झाकण आणि काडी घेतली, कागदाच्या जिभेला थोडा डिंक लावला, ओढून बघितलं, परत अजून थोडा लावला.

साप पूर्ण झाला तेव्हा तो एका भिंतीवर मावला नाही. त्याला दारावरून वळवून दुसऱ्या खोलीत न्यावा लागला. जिरूचे वडील शिडी घेऊन आले आणि त्यांनी शेपटीची बाजू वर लावून दिली. खाली उभी राहून जिरू त्यांना सांगत होती, कुठे किती खळ लागेल. ते निमूटपणे ऐकत होते. टेस्टर खिशातच होता.

त्या दिवशी घरी येताना सासूबाई नेहमीपेक्षा हळू चालत होत्या. गुडघा खरंच दुखत होता. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानापाशी त्या थांबल्या.

"निळा रंग संपत आलाय," त्या म्हणाल्या.

"घेऊ या की एक बाटली."

त्यांनी आत वाकून पाहिलं, ओठांवर बोट ठेवून मनाशी काहीतरी हिशेब केला. "दोन घे," म्हणाल्या. आणि मी दुकानाची पायरी चढले तशी मागून हाक आली, "आणि टोपणं घट्ट आहेत ना, ते बघून घे गं!"